पार आणि चावडी

विषय कंपन्यांचा आणि व्याख्यान महागावात, हे जरा विचित्र वाटेल. पण या तालुक्यातल्या किती घरांतली पोरं आज पुण्यात, हिंजवडीला नाहीतर खराडीला आहेत, ते तुम्हीच मोजा. २०२० च्या टाळेबंदीत ती लॅपटॉप घेऊन गावी आली, तेव्हा ‘टीम्स’, ‘स्लॅक’ ही नावं आपल्या ओसरीवर ऐकू आली. दिवसभर टुंग टुंग. काहून रे, कोणाशी बोलतोस एवढं, असं आईनं विचारलं की उत्तर यायचं, बोलत नाही, काम चालू आहे. बोलणं आणि काम यांच्यातली भिंत पाडू, हेच तर या साधनांचं आश्वासन होतं. मग ‘बोलत नाही’ असं का सांगावं लागतं?

या आश्वासनाला शास्त्रीय रूप दिलं अँड्र्यू मॅकॅफी या अमेरिकन प्राध्यापकानं. २००६ साली त्यांनी एक लेख लिहिला आणि ‘एंटरप्राइझ २.०’ हा शब्द रूढ केला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: ई-मेल दोघातिघांत बंद राहते, तिच्यातलं ज्ञान बाकीच्यांना दिसत नाही. त्याऐवजी सगळ्यांना लिहिता-वाचता येईल अशी जागा कंपनीत उघडा, तिची रचना वरून लादू नका, वापरातून ती आपोआप घडू द्या. विचार आकर्षक आहे, नाही कोण म्हणतो? आणि न्यायानं सांगायचं तर मॅकॅफी भाबडे नाहीत. अशा जागेत साहेबाविरुद्धही लिहिलं जाईल, आणि साहेबांना तो आवाज दाबण्याचा मोह आवरेल का, हा प्रश्न त्यांनीच उघडा ठेवला आहे.

माझी तक्रार इथेच आहे. ज्याला त्यांनी शेवटचा उघडा प्रश्न म्हटलं, तो पहिला प्रश्न होता. शिवाय त्यांना भीती आवाज दाबण्याची वाटली. आवाज दाबावा लागतच नाही. नोंद होते आहे एवढं कळलं तरी पुरतं.

आपल्या गावात दोन जागा असत. एक पार, एक चावडी. पारावर माणूस बोलतो, चुकतो, ‘तसं नव्हतं म्हणायचं मला’ म्हणतो, आणि विषय संपतो. चावडीवर मात्र जे होतं ते दप्तरात जातं. दोन्ही जागा गावाला लागतात. पण पारावरच्या बोलण्याचा फेरफार कोणी धरत नसे. कंपन्यांनी पार म्हणून जे विकत घेतलं, ती निघाली चावडी.

प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादात सॉक्रेटिस लिखाणाबद्दल एक शंका काढतो. लिहिलेला शब्द कुठेही फिरतो, ज्याच्यासाठी तो नव्हता त्याच्याही हाती पडतो, आणि त्याला प्रश्न विचारला तर तो स्वतःची बाजू मांडू शकत नाही. त्यासाठी त्याचा बाप हजर लागतो. आम्ही हे वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं, पोरं जांभया देत. आता स्क्रीनशॉट आला आणि सगळ्यांना ते एका दमात समजलं.

आता घटना पहा. फ्रेंच कंपनी आतोस, पुण्यातही तिचं मोठं काम आहे. तिचे प्रमुख थिएरी ब्रेतों यांनी २०११ साली जाहीर केलं की तीन वर्षांत अंतर्गत ई-मेल शून्यावर आणू. त्यासाठी त्यांनी समाजमाध्यमासारखं सॉफ्टवेअर बनवणारी एक कंपनीच विकत घेतली. ई-मेल बरीच कमी झाली, शून्य झाली नाही. मला तर ‘शून्य’ हा हट्टच हास्यास्पद वाटतो. दोघांतलं बोलणं म्हणजे अडगळ, हे ठरवलं कोणी?

त्याहून बोलकी गोष्ट मायक्रोसॉफ्टची. २०२० मध्ये तिच्या ‘प्रॉडक्टिव्हिटी स्कोअर’मध्ये व्यवस्थापकाला कर्मचाऱ्याच्या नावासह दिसू लागलं की गेल्या २८ दिवसांत किती दिवस त्यानं ई-मेल पाठवली, किती दिवस चॅट केलं. ओरड झाली आणि डिसेंबरच्या सुरुवातीला कंपनीनं व्यक्तींची नावं काढायचं जाहीर केलं. नावं गेली हे चांगलंच झालं. पण चॅट केल्याचे दिवस मोजून सहकार्य मोजता येतं, ही कल्पना तशीच राहिली. पारावर किती दिवस बसला यावरून माणसाचा शेजारधर्म मोजण्यासारखं आहे हे.

आणि आपली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस, मुख्यालय मुंबई. २०२० साली तिनं सांगितलं की २०२५ पर्यंत एका वेळी २५ टक्क्यांहून जास्त माणसांना कार्यालयात यायची गरज उरणार नाही. २०२३ मध्ये पाचही दिवस या, असा निरोप गेला. २०२४ मध्ये पगाराचा बदलता हिस्सा हजेरीला जोडला. साधनं तीच होती, काम चालत होतं हेही दिसलं होतं. कमी पडला तो विश्वास, आणि तो सॉफ्टवेअरसोबत येत नाही.

कोणी म्हणेल, नोंद दुबळ्याच्या कामाची असते. खरं आहे. पूर्वी धाकट्याची कल्पना साहेब आपल्या नावावर खपवायचा, आता तारखेसह पुरावा राहतो. म्हणून मी चावडी मोडा म्हणत नाही. चावडी आहे तर तिला चावडी म्हणा. ‘कुटुंब’, ‘मनमोकळा संवाद’ ही भाषा कशाला? लोकांना फरक नेमका कळतो. प्रत्येक कार्यालयात व्हॉट्सॲपचे दोन ग्रुप असतात, एक साहेब असलेला आणि एक नसलेला. पहिल्यात अंगठे आणि ‘जी सर’, दुसऱ्यात काम कुठे अडलं ते. आपल्या झेडपीच्या मास्तरांना विचारा! मग कंपनी ‘ऐंशी टक्के लोकांनी साधन स्वीकारलं’ असं म्हणते तेव्हा मला ‘स्वीकार’ या शब्दाचीच दया येते. जिथे नकार देता येत नाही तिथे स्वीकार कसला? ती हजेरी झाली.

गावच्या चावडीला एक गुण होता, त्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. चावडीवाचन. सातबाऱ्यावर काय लिहिलंय ते तलाठी सगळ्यांपुढे वाचून दाखवतो आणि चूक असेल तर शेतकऱ्याला तिथेच हरकत घेता येते. कंपनीच्या चावडीत वाचन नाही. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं नोकरीच्या कारणासाठी कर्मचाऱ्याची माहिती त्याच्या संमतीशिवाय वापरायची मुभा मालकाला दिली आहे. आपली माहिती मागून पाहण्याचा हक्क त्याच कायद्यात आहे, पण तो बांधला आहे संमतीशी. म्हणजे जिथे संमती विचारलीच जात नाही, तिथे आपल्या दप्तरात काय लिहिलंय ते वाचून दाखवा, असं त्या पोरानं कोणत्या कलमाखाली म्हणायचं?