नाव पुसण्याची चैन

मायकेल ओंडाटजे यांची ‘द इंग्लिश पेशंट’ (१९९२) मी पहिल्यांदा वाचली ती भाषेने भारावून. दुसरे महायुद्ध संपत आलेले, इटलीतला एक पडका वाडा, आगीत होरपळून ओळख हरवलेला रुग्ण आणि त्याची शुश्रूषा करणारी विशीतली कॅनेडियन परिचारिका. दुःख इतक्या हळुवार शब्दांत येते की वाचक त्या दुःखाच्याच प्रेमात पडतो. मीही पडलो. दुसऱ्या वाचनात मात्र अडखळलो.

हा रुग्ण म्हणजे वाळवंटाचा संशोधक, हंगेरियन सरदार अल्माशी. आपले नाव, घराणे, राष्ट्र सारे पुसून टाकावे असे त्याला वाळवंटात वाटते. आपल्याकडचे रसिक यालाच वैश्विकता म्हणतील. पण त्याच वाड्याच्या आवारात बॉम्ब निकामी करणारा एक शीख सैनिक राहतो, किरपाल सिंग. इंग्लंडमध्ये त्याच्या पहिल्या अहवालावर लोण्याचा डाग पडला. साहेबाने ‘किपर’ माशाची चरबी म्हणून थट्टा केली, आणि तो ‘किप’ झाला. आठवड्याभरात त्याचे खरे नाव सगळे विसरले.

माझ्या वडिलांचे आजीने ठेवलेले नाव गुरुजींच्या जिभेवर बसेना. त्यांनी पटावर आपल्या मनचे लिहिले. वडील त्याच नावाने सफाई खात्यात लागले, त्याच नावाने निवृत्त झाले. नावाचे ओझे वाटायला आधी ते आपले असावे लागते.

ऑगस्ट १९४५. हिरोशिमा-नागासाकीची बातमी ऐकताच किरपाल रुग्णावर रायफल रोखतो. गोऱ्या राष्ट्रावर असला बॉम्ब कधीच पडला नसता, हे त्याला कळून चुकते. रुग्ण इंग्रज नाही असे सांगूनही त्याला फरक पडत नाही. तो गोळी झाडत नाही, निघून जातो. आणि इथेच कादंबरी त्याला त्याचे पूर्ण नाव परत देते. हा शेवट ओढूनताणून आणला असा आक्षेप घेतला गेला आहे. मला वाटते, आक्षेप घेणाऱ्यांची झोपमोड झाली. १९९६च्या चित्रपटाने तर हिरोशिमाच गाळले आणि प्रेमकथा पुढे केली. त्याला नऊ ऑस्कर मिळाली.

लेखकाशी माझे भांडण आहेच. किरपालचा राग त्याने मोजक्या पानांत उरकला. काव्य सगळे अल्माशीच्या वाट्याला. किरपालचा थोरला भाऊ इंग्रजांच्या फौजेत जायला नकार देऊन पंजाबात तुरुंगात बसला आहे, त्याच्या जागी हा धाकटा भरती झाला. त्या भावाविषयी थोडेसेच येते. मी तेवढाच भाग पुन्हा पुन्हा उघडतो.