रिकामी नळी

पटकीच्या जिवाणूचं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातलं हे चित्र २०१२ साली ‘नेचर’मध्ये आलं. हार्वर्डचे मारेक बास्लर व जॉन मेकालानोस आणि कॅल्टेकचे मार्टिन पिलहोफर व ग्रँट जेन्सन यांच्या शोधनिबंधातलं. करडं, दाणेदार. पहिल्या नजरेत कुणी त्याला दाद देणार नाही. अशा चित्रांशेजारी बहुधा एक रंगवलेली आकृतीही छापतात. ती आधी हाताने झाकावी आणि मूळ करडेपणातच डोळा रुळू द्यावा.

सुरुवात कडेपासून करावी. दोन रेघा जवळजवळ समांतर धावतात: बाहेरचं पटल आणि आतलं पटल. त्यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत एका जागी घंटेसारखा फुगीर आकार दिसतो. नजर तिथून आत वळवली की पटलाला काटकोनात उभी असलेली एक सरळ नळी सापडते. रुंदी जेमतेम २० नॅनोमीटर, पण लांबी अशी की पेशीच्या पोटात ती खोलवर गेलेली. जिवाणूच्या पोटात इतकी ताठ रेघ दिसली की डोळा अडखळतोच.

आता दुसरी नळी पाहा. हीही तशीच पटलावर बसलेली, पण आखूड आणि जाड. दोन जातींच्या नळ्या असाव्यात असं वाटतं, तोवर आतल्या छटेकडे लक्ष जातं. लांब नळीचा गाभा गडद आहे, म्हणजे भरलेला. आखूड नळीचा गाभा फिका. आत काहीतरी होतं, ते गेलं. या चित्राचा सगळा रस मला या फिकेपणात वाटतो. बाहेरचं वेष्टन आक्रसलं, सदऱ्याची बाही झटकन वर सरकवावी तसं, आणि आतली प्रथिनांची नळी पटलं भेदून बाहेर फेकली गेली. एकही हालचाल न दाखवता चित्राने हालचाल सांगितली.

अर्थात, दोन स्थिर नळ्यांवरून घटना रचणं ही वाचकाची चलाखीही ठरू शकते. म्हणून या मंडळींनी वेष्टनाच्या प्रथिनाला चमकणारं प्रथिन जोडून जिवंत पेशींचं चलचित्रणही केलं. वेष्टन वीस-तीस सेकंदांत बांधलं जातं आणि ५ मिलिसेकंदांच्या आत आक्रसून निम्म्यावर येतं. मग पेशी ते मोडून त्याचे सुटे भाग पुन्हा वापरायला घेते. चलचित्रात वेळ कळते, पण नळीचा गाभा दिसत नाही. गाभा दिसतो तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातच.

दाणेदारपणाचंही कारण आहे. या पेशीला कुठलाही रंग किंवा धातूचा क्षार लावलेला नाही. द्रव इथेनमध्ये बुडवून ती इतक्या झपाट्याने गोठवली की पाण्याला स्फटिक व्हायला सवडच मिळाली नाही. ही युक्ती झाक द्युबोशे यांनी १९८०च्या दशकात हायडेलबर्गला बसवली. २०१७च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा आहे. मात्र इलेक्ट्रॉनांचा मारा वाढला की नमुनाच करपतो. त्यामुळे नमुना थोडा थोडा कलता करत, मोजक्या इलेक्ट्रॉनांत अनेक चित्रं घ्यायची आणि त्यांतून त्रिमिती आकार उभा करायचा. दाणे आले ते या काटकसरीतून.

याच्या तुलनेत १९९८चं साल्मोनेला जिवाणूच्या सुईसारख्या यंत्राचं चित्र कितीतरी देखणं. कुबोरी, आयझावा, गालान आदींनी ते यंत्र पेशीतून सोडवून, जड धातूच्या क्षारात बुडवून पाहिलं: खाली कड्यांचा पाया, वर सुई. पाठ्यपुस्तकाने हसत उचलावं असं. पण ती सुई घराबाहेर काढून ठेवलेली. ती कुणाच्या दिशेने रोखलेली होती, हे चित्राला विचारून उपयोग नाही. पटकीच्या जिवाणूतली नळी आपल्या जागी आहे, म्हणून मला ते धूसर चित्र अधिक बोलकं वाटतं.

जिवाणूंवर जगणाऱ्या विषाणूंची शेपटीही अशीच आक्रसते आणि नळी आत खुपसते. जिवाणूने तीच घडण उलटी बसवली आहे. मारा आतून बाहेर. शेजारचे जिवाणू किंवा जिवाणूंना गिळणारे अमीबा हे त्याचं लक्ष्य. माणसाला जुलाब लावणारं विष या वाटेने जात नाही, त्याचा दरवाजा वेगळा. ते विष जिवाणू बाहेर सोडतो, हे शंभुनाथ डे यांनी १९५९ साली कोलकात्यात दाखवलं होतं, तेही इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाविना: जिवाणू गाळून काढलेला द्रव सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या तुकड्यात घातला, तरी तो तुकडा पाण्याने तट्ट फुगला.

२०१२च्या चित्रात एक उणीव राहतेच. मारणारा दिसतो, मार खाणारा नाही. जाड नमुन्यातून इलेक्ट्रॉन आरपार जात नाहीत, त्यामुळे दोन पेशींची झटापट अशी सहजी टिपता येत नाही. पुढे आयनांच्या झोताने गोठलेला नमुना तासून त्याचा पातळ काप काढू लागले. २०१७ साली पिलहोफर यांच्या झुरिचच्या गटाने अमीबात राहणाऱ्या एका जिवाणूत अशा नळ्यांचे जुडगेच दाखवले, षटकोनी मांडणीत एकमेकींना खेटून उभ्या. तंत्राच्या दृष्टीने ते चित्र सरस आहे, यात वाद नाही. तरी दोघांतलं एकच भिंतीवर लावायचं झालं तर मी अजून जुनंच निवडेन. जुडग्यात नजर मांडणीकडे जाते आणि गाभा भरलेला की रिकामा, हे पाहायचंच राहून जातं.