प्रेक्षक मिळाला, आता गोष्ट पुरी करा

मराठी वेब मालिकेला प्रेक्षक नाही, ही तक्रार आता कुणी करू नये. बारामती तालुक्यातल्या कांबळेश्वरची ‘चांडाळ चौकडीच्या करामती’ पाहणारी माणसं गावोगाव भेटतात. ‘कोरी पाटी प्रॉडक्शन’ची ‘गावाकडच्या गोष्टी’ तर तिच्याही आधीची. या मालिकांमागे ना टीव्ही वाहिनी होती, ना नावाजलेले नट. यूट्यूबवर भाग टाकायचा आणि पुढच्याच्या तयारीला लागायचं, एवढाच मार्ग. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, त्याचा हातभार मोठा आहेच. पण त्या स्वस्त डेटावर जगातलं सगळंच उघडं झालं होतं. त्यातून लोकांनी हे निवडलं ते भाषेमुळे, असं मला ठामपणे वाटतं.

टीव्हीवर गावाकडचा माणूस दाखवायचा म्हणजे ‘ण’चा ‘न’ केला की झालं, अशी समजूत वर्षानुवर्षं होती. इथे बोलीचा ठेका, मध्येच गिळलेला शब्द, अर्ध्यावर सोडलेलं वाक्य, सगळं जागच्या जागी आहे. एकाने काही म्हणावं, दुसऱ्याने मुद्दाम उलटा अर्थ घ्यावा, तिसऱ्याने त्यात भर टाकावी. ही रीत थेट तमाशातल्या बतावणीची. हे नट ती शाळेत शिकलेले नाहीत, कानाने शिकलेत. शहरी बाजूला हेच काम ‘भाडिपा’ या यूट्यूब चॅनेलने केलं. २०१६मध्ये अमेय वाघ आणि निपुण धर्माधिकारी यांच्या ‘कास्टिंग काउच’ने मराठी तरुणांना यूट्यूबवर आणलं, पुढे रेणुका दफ्तरदार यांनी उभी केलेली आई लोकांना आपल्याच घरातली वाटली.

इतकं कमावल्यावर आता खटकतं ते वेगळंच. या मालिकांना शेवट नाही.

त्याचं कारण पैशात आहे. लांब भाग टाकणाऱ्या चॅनेलला हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास वॉच-टाइम झाल्याशिवाय यूट्यूबच्या जाहिरातींचं उत्पन्न सुरू होत नाही. पुढे लांब व्हिडिओवरच्या जाहिरातींतला ५५ टक्के वाटा निर्मात्याला मिळतो. भाग आठ मिनिटांहून मोठा असेल तर मध्ये जाहिरात घालता येते. कॅमेरा, माईक, जेवण, गाडीभाडं आणि एडिट करणाऱ्याचे पैसे यातून भागवायचे, तर भाग येत राहिलाच पाहिजे. महिना-दोन महिने थांबून पटकथा घासूनपुसून घ्यायची चैन परवडत नाही. मग दर भागाला नवा प्रसंग, तेच चार पुरुष, शेवटी प्रबोधनाचा छोटा डोस. पात्रं वाढत नाहीत. बायका दारात उभं राहून ओरडण्यापुरत्या येतात, आणि हा दोष मला सर्वांत मोठा वाटतो. गावातल्या बाईची बोली अजून या मालिकांनी नीट ऐकलेलीच नाही. थंबनेलवर जे वचन दिलं जातं, ते भागात अनेकदा सापडत नाही.

संपणारी गोष्ट मराठीत झाली, पण ती ओटीटी प्लॅटफॉर्मच्या पैशांवर. वरुण नार्वेकर यांची ‘आणि काय हवं’ (२०१९) किंवा सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरची ‘समांतर’ (२०२०) ही उदाहरणं एमएक्स प्लेअरवरची. पहिलीत एका जोडप्याच्या साध्या संसारातून काय काय निघू शकतं, हे किती हळुवारपणे दिसलं! मात्र तिथे काय बनवायचं, हे निर्माता एकटा ठरवत नाही, आणि प्लॅटफॉर्म हात बदलतात. एमएक्स प्लेअरच २०२४मध्ये अ‍ॅमेझॉनकडे गेलं.

म्हणून स्वतंत्र निर्मात्यांनीच हे करायला हवं. ज्यांचा प्रेक्षक बांधलेला आहे, त्यांनी वर्षातून एकदा नेहमीची मालिका थांबवून पाच-सहा भागांची, सुरुवातीपासून शेवटपर्यंत आधीच लिहून काढलेली गोष्ट करावी. मध्यवर्ती पात्र बाईचं असावं. आवाजावर खर्च करावा; उघड्या रानात वाऱ्याने संवाद खाल्ला की मोबाईलवर बघणारा थांबत नाही. गावातल्याच उद्योजकांनी अशा गोष्टीला प्रायोजक म्हणून उभं राहावं, मध्येच स्वतःचं दुकान दाखवण्याचा आग्रह न धरता.

आणि वर्तमानपत्रांनी नाटक-सिनेमाच्या पानावर या मालिकांची नियमित परीक्षणं छापावीत. लाखो मराठी माणसं जे पाहतात, त्याची चिकित्सा करणं हे समीक्षेचं कामच आहे.