दोन मोठ्या नावांमधले तुकोजी

मानपुरचा घाट उतरून गुजरी-धामनोदवरून महेश्वरला जाणाऱ्याला अहिल्याबाई कोण, हे सांगावं लागत नाही. पहिले यशवंतरावही बहुतेकांना ठाऊक असतात. अहिल्याबाईंनंतर लगेच गादीवर कोण आलं, असं मात्र विचारून बघा. इंदूरचा माणूस फार तर ‘तुकोजीराव’ म्हणेल आणि तुकोगंज दाखवेल. ते तुकोजीराव दुसरे, १८४४ ते १८८६ राज्य केलेले. आपले पहिले तुकोजी त्यांच्या कितीतरी आधीचे. नावसुद्धा पुढच्याने नेलं, बघा!

हे तुकोजी मल्हाररावांच्या थेट वंशातले नव्हते. १७६७ मध्ये बाईंनी फौज त्यांच्याकडे दिली आणि पुढली २८ वर्षं बाई महेश्वरला व हे छावणीत, अशीच वाटणी राहिली. १७७९ च्या जानेवारीत वडगावला इंग्रजांनी हात टेकले, तेव्हा महादजींच्या बरोबरीने तुकोजी होते. श्रेय कुणाला मिळालं, ते शाळेतलं पोरही सांगेल. १७९५ ला खर्ड्यालाही ते होते, तेव्हा म्हातारपण आलेलं. त्याच वर्षी १३ ऑगस्टला बाई गेल्या, आणि तुकोजींच्या वाट्याला जेमतेम दोन वर्षं आली.

आपल्याकडचे लेख त्यांना ‘बाईंचे विश्वासू सेनापती’ एवढ्या एका ओळीत उरकतात. मला हे पटत नाही. खजिना बाईंच्या हाती, फौजेचा खर्च तुकोजींच्या गळ्यात. पैशावरून दोघांत सतत ताण होता. महेश्वर दरबारची बातमीपत्रं वाचताना तुकोजी पुन्हा पुन्हा मागणीवालेच दिसतात, कारण बातमी महेश्वरात बसून लिहिली जायची. छावणीतून बघितलं असतं तर चित्र वेगळं दिसलं असतं. म्हणून त्यांना धुवून काढायचं असंही नाही. १७९३ ला लाखेरीला शिंद्यांच्या द बॉयन्यच्या पलटणींनी होळकरांची फौज मोडली, त्याचा जाब सेनापतीलाच द्यावा लागतो.

अमेरिकेत जॅक्सन आणि लिंकन यांच्या मध्ये आठ अध्यक्ष झाले. त्यांतल्या पोकने चारच वर्षांत देश पॅसिफिकपर्यंत नेला, तरी तिथल्या सामान्य माणसाला त्याचं नाव चटकन आठवत नाही. पण तिथे निदान अकरावा म्हणून त्याचा आकडा पक्का आहे. आपल्याकडे तशी यादी कोण पाठ करतं? आपण घाट, छत्री, वाडा बघून माणूस लक्षात ठेवतो. कृष्णपुऱ्याच्या छत्र्या बघायला सगळे थांबतात. त्यांत दुसरे तुकोजीराव आहेत, पहिले नाहीत. पहिल्यांची हयात तंबूत गेली.

मृत्यूही इथे नाही, पुण्यात. १५ ऑगस्ट १७९७. मागे काशीराव, मल्हारराव, विठोजी, यशवंतराव असे चार मुलगे, आणि वारशाचा तंटा. महिनाभरातच दौलतराव शिंद्यांच्या फौजेने मल्हाररावांना पुण्यातच मारलं. विठोजींना १८०१ मध्ये तिथेच हत्तीच्या पायी दिलं. उरलेल्या गोष्टीत नायक यशवंतराव होतात आणि बापाचं नाव फक्त ‘तुकोजींचे पुत्र’ म्हणण्यापुरतं येतं.