भुतांचं देणं

महाडजवळच्या बिरवाडीला काळ नदीत डुंबायला उतरणाऱ्या आम्हा पोरांना आत्या एक गोष्ट हमखास सांगायची. डोहात गिऱ्हा असतो. तिन्हीसांजेला तो ओळखीच्या माणसाच्या आवाजात हाक मारतो, पाणी घोट्याएवढंच आहे असं भासवतो आणि चालवत चालवत खोलात नेतो. इथवर सगळे ऐकायचे. तिला मात्र गोष्टीचा पुढचा भाग जास्त आवडायचा. गिऱ्ह्याच्या डोक्यावरचे केस कुणी उपटले आणि घरात दडवून ठेवले, तर तो त्या घरचा गडी होतो. लाकडं आणतो, भात झोडतो, सांगाल ते करतो. पण एक दिवस केस त्याच्या हाती लागतात. मग तो जातो आणि जाताना घरातलं एक माणूस घेऊन जातो. "फुकट राबवला ना इतकी वर्षं? मग?" असं म्हणत आत्या चुलीतलं लाकूड पुढं सारायची.

मराठी भयकथेचं आज काय चाललंय याचा विचार करताना मला डोह आठवत नाही, आत्याचा तो "मग?" आठवतो. आपल्याकडचं भूत उगाच येत नाही. त्याचं काहीतरी देणं राहिलेलं असतं.

ही गोष्ट फक्त आमच्या घरची नव्हती. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन लोकसमजुतींची टिपणं गोळा करत असे. गावोगावच्या शाळामास्तरांकडून आलेल्या उत्तरांतून त्याचा संग्रह वाढत गेला. त्यात आमचा कुलाबा जिल्हा, म्हणजे 1981 नंतरचा रायगड, भरपूर आहे. 21 डिसेंबर 1909 ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेऱ्यांनी त्याला गोळ्या घातल्या. टिपणं मागं राहिली. एन्थोव्हेन या दुसऱ्या इंग्रज अधिकाऱ्यानं ती संपादित केली आणि कोकणचा भाग 1915 साली छापून निघाला. खुनाच्या रात्री थिएटरात देवलांचं 'शारदा' चालू होतं, म्हाताऱ्याशी लग्न लावून दिल्या जाणाऱ्या पोरीचं नाटक. मला हा योगायोग विसरता येत नाही, कारण जॅक्सनच्या वह्यांतली कित्येक भुतं अशाच बायकांची आहेत.

ती यादी एकदा वाचून बघावी. बाळंतपणात गेलेली अळवंत, नवरा जिवंत असताना गेलेली जखीण, विधवेची लावसट. मुंज झाली आणि सोडमुंज होण्याआधी मेला तो मुंजा, त्याला पिंपळ. पैशात जीव अडकून निपुत्रिक मेला तो समंध, तो पुरलेल्या हंड्यावर बसतो. खवीस परक्या धर्माचा, चेडा खालच्या मानलेल्या जातीचा, ब्रह्मराक्षस अर्थातच ब्राह्मणाचा. गावात जिवंतपणी कोण कुठं बसायचं हे जसं ठरलेलं, तसं मेल्यावर कुणी कुठल्या झाडावर बसायचं हेही ठरलेलं. कोकणातल्या खेड्याचा समाजशास्त्रीय नकाशा याहून नेमका मला कुठं मिळालेला नाही. बाईला कुठं कुठं मारलं, कुणाला लग्नावाचून ठेवलं, कुणाचा घास कुणी खाल्ला हे त्यात नोंदलेलं आहे. तलाठ्याच्या दप्तरात जे चढलं नाही ते इथं चढलं.

या नोंदीचा दुरुपयोगही तितकाच जुना. बाहेरची बाधा झाली म्हणून सुनेला भगतापुढं बसवून झोडपायचं आणि तिचं म्हणणं भुताच्या तोंडी घालायचं. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 साली जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याच्या अनुसूचीत पहिलीच गोष्ट भूत उतरवण्याच्या निमित्तानं होणाऱ्या मारहाणीची आहे. कायदा गोष्टीला हात लावत नाही, मारणाऱ्या हाताला लावतो. कोकणची बदनामी होते म्हणून भुताच्या मालिकांविरुद्ध ओरडणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यायला हरकत नाही.

बिरवाडीवरून वरंध घाटाकडं जाताना शिवथरघळीचा फाटा लागतो. दासबोध इथं लिहिला गेला असं परंपरा सांगते. त्या ग्रंथाच्या दहाव्या दशकात भ्रमाचं निरूपण करणारा एक समास आहे. झाडझुडूप बघून भूत वाटणं आणि काही नसताना झपाटलं जाणं, याला रामदास तिथं सरळ भ्रम म्हणून मोकळे होतात. आणि याच रामदासांचं मारुतिस्तोत्र म्हणत महाडपासून पोलादपूरपर्यंतची चार पिढ्यांची पोरं अंधारातून परसाकडं गेली. मला यात विसंगती दिसत नाही. भूत नाही हे कळणं ही एक गोष्ट, आणि रात्री नऊ वाजता विहिरीपर्यंत जाणं ही वेगळी गोष्ट. रामदासांनी दोन्हींची सोय करून ठेवली.

संस्कृत साहित्यशास्त्राची वाट अजून तिसरी. भरतानं भयानक हा स्वतंत्र रस मानला. अभिनवगुप्तानं त्याचं उदाहरण दिलं ते शाकुंतलाच्या पहिल्या अंकातलं, दुष्यंताच्या रथापुढं मान वळवून वळवून पळणाऱ्या हरणाचं. बघणाऱ्याला होणारं भय हरणाचं नसतं, राजाचं नसतं, स्वतःचंही नसतं. ते कुणाचंच नसतं, म्हणून तर चाखता येतं. आत्याची गोष्ट याच्या अगदी उलट्या टोकाला. तिथं डोह ठरलेला, घर ठरलेलं, गेलेलं माणूसही कुणाचं तरी चुलत असायचं. भयकथा लिहिणाऱ्याची खरी कसोटी या दोन टोकांमध्ये लागते. डोह काळ नदीचाच राहिला पाहिजे आणि तो नागपूरच्या वाचकाच्या पायाखालीही आला पाहिजे.

ही कसोटी लावली की मराठीतली नावं वेगळ्या क्रमानं उभी राहतात. नारायण धारप (1925–2008) हे या प्रांतातलं सर्वांत मोठं नाव, आणि समीक्षकांनी त्यांना वाचनालयाच्या फाटक्या पुस्तकांतच ठेवलं हा अन्यायच. विज्ञान शिकलेल्या माणसाची कोरडी, मापात बोलणारी भाषा हे त्यांचं बळ. दार उघडण्याआधीची खोली ते जितकी चांगली लिहितात तितकं दाराआडचं क्वचित लिहितात. त्यांनी भुताशी लढणारा नायक उभा केला आणि त्याचं नाव ठेवलं समर्थ. शिवथरघळीच्या वाटेवरच्या माणसाला हे नाव पुरेसं बोलतं. पण 'लुचाई'मागं स्टीफन किंगची 'सालेम्स लॉट' आहे आणि 'शपथ'मागं 'इट', हे आता सर्वांना माहीत आहे. उसनवारीबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच की उसनं आणलेलं अनिष्ट बाहेरून गावात येतं. गावानं त्याचं काही खाल्लेलं नसतं. समर्थ येतात, त्याला हाकलतात, गाव पूर्वीसारखं होतं. आत्याला ही गोष्ट सांगितली असती तर तिनं विचारलं असतं, मग तो आलाच कशाला?

रत्नाकर मतकरींनी (1938–2020) शब्दच बदलला. ते गूढकथा म्हणाले, आणि भूत डोहातून काढून मध्यमवर्गाच्या दोन खोल्यांत आणलं. त्यांच्या चांगल्या कथांत कुणीतरी कुणाचं तरी हिरावलेलं असतं आणि ते शांतपणे, शेजारधर्म पाळत वसूल होतं. 'गहिरे पाणी' मालिकेनं या कथा घराघरांत नेल्या, तरी मला त्या छापील पानावर जास्त गार वाटतात. मजा अशी की याच माणसानं 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण पोरांना हसवायला दिली. द. मा. मिरासदारांची 'भुताचा जन्म' इथंच आठवावी. तीही विनोदी कथा, पण गावाला भूत लागतं कसं याचं त्याहून चांगलं शवविच्छेदन मराठीत नाही.

पडद्याचं काय? 2016 साली 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली तेव्हा वाडा, मालवणी आणि कुजबुज यांनी पहिले काही आठवडे खरोखर धरून ठेवलं. त्या घराचं पाप काय, हा प्रश्न मालिकेच्या पोटात होता. पुढं दुसऱ्या पर्वात अण्णा आणि शेवंता इतके आवडते झाले की लोक त्यांची वाट बघू लागले. आवडत्या भुताची भीती कोण धरणार? 'लपाछपी'चं (2017) तसं झालं नाही. उसाच्या फडात अडकलेली गरोदर बाई आणि मारल्या गेलेल्या मुलींचा हिशेब: जॅक्सनच्या यादीतली अळवंत विशाल फुरियानं तिच्या कारणासकट परत आणली. पटकथेत भाषण थोडं जास्त आहे, पण भूत खरं आहे.

आणि 'तुंबाड' (2018). नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीतलं, गाव खेड तालुक्यातलं, म्हणजे पोलादपूरहून कशेडी घाट ओलांडला की आलंच. राही अनिल बर्वेनं हंड्यावरचा समंध घेतला आणि त्याला देवाच्या जन्मकथेपर्यंत मागं नेलं. भुकेला हस्तर, कणकेची बाहुली, लंगोटीतून सांडणाऱ्या मोहरा. बाप मुलाला लोभाचं शिक्षण देतो तो भाग तर गेल्या पंचवीस वर्षांत मराठी माणसानं केलेल्या कामात मी फार वर ठेवीन. फक्त ते काम हिंदीत आहे. 2024 चा 'मुंज्या'सुद्धा हिंदीत. तिथं तर सोडमुंजीआधी मेलेल्या पोराचं संगणकावर माकड केलं आणि पैसा वसूल केला. कोकणचं भूत मुंबईला नोकरीला लागलं म्हणायचं, आधी कोकणी माणूस लागला तसं.

घाटातली हात करणारी बाई ही आणखी एक गोष्ट. पांढरी साडी, रात्री दोनचा सुमार, गाडी थांबवली की मागच्या सीटवर. तिचं नाव कुणी सांगत नाही, ती का मेली हे कुणी सांगत नाही. आजकाल फोनवर रात्री ऐकायला मिळणाऱ्या शंभरांतल्या नव्वद भयकथा हिच्याच. तिचं कुणाकडं देणं नाही म्हणून ती कुठल्याही घाटात उभी राहू शकते. 2023 साली कशेडीखालचा बोगदा वापरात आला, आता तिनं कुठं उभं राहायचं हा प्रश्नच आहे. जुनी जखीण कधी बेघर झाली नसती. तिला घर होतं, सासर होतं, विहीर होती.

मला खटकतं ते आणखी वेगळंच. भीतीचा तुटवडा महाड-पोलादपूर या तालुक्यांना कधी नव्हता. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि अंधारात एस.टी. मागोमाग एस.टी. गेली. 22 जुलै 2021 ला तळिये गावावर दरड आली, ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच पावसात महाड शहर पाण्याखाली होतं. यावर बातम्या झाल्या, अहवाल झाले. भयकथा मात्र, माझ्या वाचनात तरी, एक नाही. पूर्वीच्या माणसानं त्या पुलाखाली गिऱ्हा बसवला असता आणि तो कुणाचे केस शोधतोय, कुणी दडवले, हेही सांगितलं असतं. आपण मृतांचा मान राखतो म्हणून गप्प आहोत असं म्हणायला मी तयार आहे, पण मनापासून नाही. अळवंत सांगणाऱ्या बायकांना मृतांचा मान कमी नव्हता.

गेल्या शिमग्याला बिरवाडीत होतो. संकासुर अंगणात आला. काळा झगा, उंच टोपी, कमरेला घुंगरं. लहान पोरं किंचाळत आत पळाली आणि लगेच दारातून डोकावू लागली. अभिनवगुप्ताला हवं होतं तेवढं भय त्या उंबऱ्यावर होतं. शेजारी एमआयडीसीत तिसऱ्या पाळीला जाणारा एक पोरगा डबा घेऊन उभा होता. त्याला विचारलं, काळ नदीच्या अंगानं रात्री जातोस, काही दिसतं का?

"दिसत काय नाय," तो म्हणाला. "वास येतो. आला की वाऱ्याच्या आडव्या बाजूनं पळायचं, तोंडाला ओला रुमाल, नि मागं वळून बघायचं नाय."

कुणी शिकवलं म्हणून विचारलं, तर म्हणाला, जुन्या माणसांनी.