भाड्याच्या घराची अट

सचिन पिळगावकर दिग्दर्शित ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) हा चित्रपट आपल्या घरांतून इतक्या वेळा पाहिला गेला आहे, की त्याची समीक्षा करावी असे सहसा कोणाला वाटत नाही. हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘बीवी और मकान’ (१९६६) या हिंदी चित्रपटाचे हे मराठी रूप. लेखन वसंत सबनीस यांचे. त्यातील वेषांतराचे, संवादांचे आणि अभिनयाचे कौतुक पुष्कळ झाले. परंतु हा सारा विनोद ज्या प्रश्नावर उभा आहे, तो मात्र दुर्लक्षित राहिला. चार अविवाहित तरुणांना पुण्यात भाड्याने जागा का मिळू नये?

लीलाबाई काळभोर जोडप्यांनाच जागा देणार, म्हणून चौघांपैकी दोघांना बायका व्हावे लागते. त्या काळी घरमालकांच्या मनात धास्ती होती, आणि तिला कारणही होते. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली होती. आत आलेला भाडेकरू बाहेर काढणे दुरापास्त झाले होते. पण याच न्यायाने पाहिले, तर बदली होताच किंवा लग्न ठरताच निघून जाणारा एकटा तरुण मालकाला अधिक सोयीचा. ठाण मांडून बसते ते कुटुंब! तेव्हा लीलाबाईंच्या अटीचे मूळ कायद्यात नाही. बायको हे त्यांच्या लेखी सभ्यतेचे प्रमाणपत्र आहे.

चित्रपटाचे मर्म असे की, ते प्रमाणपत्र खोटे असूनही चालून जाते. माणसे तीच, स्वभाव तोच. लीलाबाईंना मात्र ती बिऱ्हाडे आपलीशी वाटू लागतात. अटीचा फोलपणा इतक्या सहजपणे दाखवल्यावर चित्रपट शेवटी कच खातो. चौघांच्याही जोड्या जुळतात; अट मोडत नाही, ती पुरी होते. विनोदाने उघडलेले दार सुखान्त हलकेच लावून घेतो.

महाराष्ट्रात तो जुना कायदा २००० साली गेला. आता ठरावीक मुदतीचे, नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्सचे करार होतात. ती धास्ती बरीचशी ओसरली. प्रश्न मात्र उरले. लग्न झाले आहे का? आडनाव काय? घरात मांसाहार होतो का? यांतील शेवटच्या दोन प्रश्नांना तर चित्रपटाने स्पर्शही केलेला नाही.

आपले पूर्वज गायकवाड-होळकरांच्या चाकरीत बडोद्यास, इंदुरास आले, तेव्हा तेही परकेच होते. आज आपल्यापैकी अनेकांच्या घरांवर ‘भाड्याने देणे आहे’ अशी पाटी लागते. चित्रपट पाहताना आपण त्या चौघांच्या बाजूने हसतो. दारावरची घंटा वाजली, की आपण कोणाच्या बाजूचे असतो?