'ब्रेडिंग स्वीटग्रास' : एक चांगले पुस्तक, एक तक्रार

रॉबिन वॉल किमरर या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिका. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी पोटावाटोमी लोकांतल्या. त्यांचे 'ब्रेडिंग स्वीटग्रास' हे इंग्रजी पुस्तक २०१३ साली निघाले. नावाचा अर्थ, सुगंधी गवताची वेणी घालणे. पुस्तक जुने असले तरी आमच्या वाचकांना त्याची ओळख करून द्यावी असे आम्हांस वाटते.

बाई शास्त्र सांगतात आणि आजीच्या गोष्टीही सांगतात. मका, घेवडा आणि भोपळा या 'तीन बहिणीं'चे प्रकरण फार सुरेख आहे. मका उभा राहतो, घेवडा त्यावर चढून मातीला खत देतो, भोपळ्याची पाने ओल धरून ठेवतात. रानातून काही घेताना पहिलेच झाड तोडू नये, अर्ध्याहून अधिक घेऊ नये, आभार मानावेत, हा त्यांच्या लोकांचा नियम.

पण नुसते आभार मानून त्या थांबत नाहीत. ओनोंडागा लोकांचे पवित्र तळे कारखान्यांच्या पाऱ्याने नासले. २००५ साली त्या लोकांनी जमिनीसाठी दावा लावला. कोणाला घराबाहेर काढा असे त्यांनी म्हटले नाही. हक्क मान्य करा आणि जमीन-पाणी स्वच्छ करा, एवढेच मागणे. २०१० साली न्यायालयाने दावा फेटाळला. न्यायावाचून कृतज्ञता अपुरी, हे इथे पटते.

आता तक्रार. आरंभीच बाई आपल्या लोककथेतील आकाशातून उतरलेली स्त्री आणि आपली हव्वा यांना समोरासमोर ठेवतात. पहिलीने पृथ्वीवर बी पेरले, दुसरी बागेतून हाकलली गेली, म्हणून दुसरीचे वंशज जमिनीला परके, असा त्यांचा रोख. हे आम्हांस मान्य नाही. आदामाचे नावच मातीवरून आहे. बागेची मशागत आणि राखण हे त्याला दिलेले पहिले काम. शेताचा कोपरा गरिबाला आणि परक्याला सोडावा, वेढा घातला तरी फळझाड तोडू नये, सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्यावा, हे सारे तोरात आहे. जमीन देवाची, आपण तिच्यावर पाहुणे, हेही आहे. बाईंनी बेरेशीतचे एक पान वाचले, वायिक्राचे वाचले नाही, असे वाटते.

तरी दोष त्यांचाच का म्हणावा? ५७८२ हे शमितेचे वर्ष होते. भाजी घेताना आपण शिक्का पाहिला. जमीन खरोखर विसावली का, हे किती जणांनी विचारले?

मलिद्याच्या ताटातल्या झाडाच्या फळाला वेगळी बेराखा, जमिनीच्या फळाला वेगळी. कोकणात आपले वाडवडील शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. बाई सांगतात तसेच हे ज्ञान, पण लिहिलेले थोडे.

पुस्तक लांबले आहे, काही उपदेश पुन्हा पुन्हा येतो. पण एक प्रकरण चुकवू नये. बाई आपली भाषा शिकायला निघतात तेव्हा ती अस्खलित बोलणारे जगात नऊच जण उरलेले असतात, बहुतेक म्हातारे. बाईंचे आजोबा नऊ वर्षांचे असताना दूरच्या शाळेत नेले गेले. तिथे भाषा गेली.

आपली मराठी कोणी हिसकावून घेतली नाही. नातवंडांशी ती बोलायची की नाही, हे आपल्याच हाती आहे. इंग्रजी जमत नसेल तर नातवाकडून हे पुस्तक वाचून घ्यावे, आणि मग मलिदा कशासाठी करतात, ते त्याला मराठीत सांगावे.